मुडदुशांची पार्टी

माझ्या मालनवहिनीला खोटं पचत नसे. बोलायची ती, अगदी हौसेनं बोलायची, पण खोटं तोंडातून बाहेर पडलं की मागोमाग हसू फुटायचं. आणि तिचं हसू तुमच्याआमच्यासारखं नव्हे. आधी खांदे हलायचे, मग पोट, मग पदराचा बोळा तोंडात, आणि शेवटी असेल तिथं ती फतकल मारून बसायची. एकदा आम्ही दोघी एका मयताच्या घरी भेटायला गेलो होतो. 'म्हातारा देवमाणूस होता' असं कुणीतरी म्हणालं, वहिनीनं 'होय हो, देवमाणूस' म्हणून मान डोलावली आणि तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं भासवून मी तिला कशीबशी बाहेर काढली. म्हाताऱ्यानं जन्मभर शेजाऱ्यांचे नारळ चोरले होते, त्याला ती बिचारी तरी काय करणार!

मी तिची नणंद, हौसा. माझं माहेर रत्नागिरीत मुरुगवाड्यात आणि सासर तिथूनच दोन घरं टाकून. त्यामुळे भावाच्या घरात काय शिजतंय ते मला वासावरून कळतं. मी तापट आहे असं सगळी आळी सांगेल. सांगू दे. ह्याच आळीनं शहाऐंशी साली आमच्या घरात जो घोळ घातला तो ऐकलात तर तुमचंही डोकं फिरेल.

आधी माझ्या भावाचं सांगते. दादू पिलणकर, तहसील कचेरीत अव्वल कारकून. आवाज असा की आत शिंकला तर बाहेरचा चहावाला कप मांडायचा. त्या वर्षीच्या शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचताना त्याच्या छातीत कळ आली. पालखी त्यानं टाकली नाही, शेजारच्याच्या खांद्यावर दिली आणि मगच खाली बसला, हे तो अजून छाती पुढे काढून सांगतो. डॉक्टरांनी मात्र त्याच छातीवर नळी लावून फर्मान काढलं. तळलेलं बंद, नारळ बंद, मीठ चिमटीनं, आणि राग बंद. कोकणातल्या माणसाला नारळ बंद करणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. आणि राग बंद करायचा तर त्यानं आमच्या घराण्यात जन्म घ्यायला नको होता. आळीत आणि कचेरीत त्यानं 'वात धरला होता' एवढंच सांगितलं आणि विषय मिटवला.

पण विषय मिटला नाही. वैशाखात त्याच्या मुलीचं, काशीचं, लग्न ठरलेलं होतं ते झालं. जावई सहदेव पूर्णगडचा, खेडजवळ लोट्याच्या एका कारखान्यात पाळीवर काम करणारा, गरीब स्वभावाचा मुलगा. लग्नानंतर व्याह्यांकडे पूर्णगडला तिखटाचं जेवण झालं, आमच्याकडून फक्त आम्ही घरचीच होतो. पंगत बसली. कोंबडी, वडे, तळलेली सुरमई, नुसत्या वासानं माणसं उकिडवी व्हायला लागलेली. तेवढ्यात सहदेवाची आत्या, येसूबाई, काशीकडून पथ्य कळल्यामुळे दादापुढे वेगळं ताट घेऊन आली. पेज आणि उकडलेला दुधी.

"व्याही आजारी हायत, तेंना तेलकट वाडू नुका गो कोन!" ती असं ओरडली की पूर्णगडच्या किल्ल्यावर ऐकू गेलं असेल.

बाईचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूच्या माणसांचा मला भारी राग येतो, कारण त्यांना उलट शिवीही देता येत नाही. सगळी पंगत मान वळवून बघायला लागली. कुणीतरी 'बिचारे' म्हणालं. दादा त्या ताटावर बसून राहिला. घरी आल्यावर टोपी खुंटीला लावता लावता म्हणाला, "आजपास्नं मी कुनाच्या पंगतीला बसायचा नाय."

आणि नाहीच बसला. बारशाला नाही, सत्यनारायणाला नाही, त्याचा जिवाभावाचा मित्र रावजी, कचेरीत वीस-बावीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला, त्याच्याकडे गणपतीतसुद्धा गेला नाही. कचेरीत डबा बंद केला. 'भूक नसते हल्ली' म्हणायचा. संध्याकाळी मागल्या पडवीत जाऊन, आमच्याकडे पाठ करून पेज प्यायचा. वहिनी चुलीपाशी बसून त्या पाठीकडे बघायची.

"वन्सं," ती एकदा मला म्हणाली, "हे असे जगले तर पुष्कळ जगतील. पन एकटे जगतील. मला ते नको." हे बोलताना ती हसली नाही, म्हणून मला ते लक्षात राहिलं.

नोव्हेंबर अखेर दादा निवृत्त व्हायचा होता. कचेरीतले लोक घरी येणार, आळी येणार, तोंड गोड-तिखट करायला हवं. दादानं आधीच सांगून टाकलं, "कोनाला बोलवायचा नाय. बोलवलास तर मी मागल्या पडवीत बसंन."

त्यावर वहिनीनं काय करावं? आठ दिवसांनी एका दुपारी ती माझ्या दारात आली ती डोळे असे चमकवत, की मला वाटलं हिला लॉटरी लागली.

"वन्सं, आपण पंगत घालायचीच नाय. आपण पार्टी करायची."

पार्टी हा शब्द तिनं जावयाकडून उचललेला. लोट्याला कारखान्याच्या साहेबानं पार्टी दिली होती. सहदेवानं वर्णन केलं होतं की तिथं पाट नाही, पान नाही, वाढपी नाही. मध्ये मेजावर खाणं ठेवलेलं, ज्याला हवं त्यानं उभ्यानं उचलायचं.

"ताटच नसंल," वहिनी म्हणाली, "तर वेगळं ताट येणार कुठनं?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकले आणि ही चौथीत शाळा सोडलेली, पण इथवर माझं डोकं चाललं नसतं हे मी रागारागानंच कबूल करते. एकाच परातीतलं एकच खाणं, सगळ्यांसाठी. तेच दादासाठी. त्याला चालणारं, पण चालणारं आहे असं कुणाला कळता नये. त्याला तर मुळीच नाही. 'पथ्य' हा शब्द कानावर पडला की तो उठून पडवीत जाणार हे ठरलेलं.

तर खाणं कोणतं? मासळी हवीच, नाहीतर मुरुगवाड्यात पार्टी म्हणायचं कशाला. डॉक्टरांनी हलकी मासळी आणि उकडलेला बटाटा चालेल म्हटलेलं. हलकी मासळी म्हटली की आमच्याकडे एकच, मुडदुसे. बोटभर लांबीचा, चांदीसारखा, पोटाला अगदी सोसणारा मासा. पण त्याची एक गोम आहे. आमच्याकडे मुडदुसे आजाऱ्याला देतात, नाहीतर बाळंतिणीला. चांगल्या धडधाकट पाहुण्यापुढे मुडदुसा ठेवणं म्हणजे त्याला 'तुम्ही आता फार दिवसांचे नाही' असं तोंडावर सांगणं. पाहुण्याला सुरमई, पापलेट. मुडदुसा ओळखू आला असता तर रावजीनं निवृत्तीचा हार परत नेला असता.

म्हणून मुडदुसे बटाट्यात लपवायचे आणि त्यांचं कटलेट करायचं, असं ठरलं.

पहिल्या दिवशीचं कटलेट तव्यावर टाकल्याबरोबर विरघळलं. दुसऱ्या दिवशीचं असं घट्ट झालं की मी ते खाल्ल्यावर दाढ चाचपून पाहिली. तिसऱ्या दिवशीचं मांजरानं हुंगलं आणि आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आम्ही दोघींनी माफी मागायची तेवढी राहिली. वहिनी मात्र प्रत्येक वेळी हसून हसून खाली बसायची आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बटाटे उकडत ठेवायची. दादा कचेरीत गेला की आमचा उद्योग सुरू, आणि तो यायच्या आत भांडी घासून पालथी.

हळूहळू जमत गेलं. मुडदुसे वाफवून काटा काढायचा. बटाटा सालासकट उकडायचा, म्हणजे पाणी धरत नाही. आलं, लसूण, हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर. मीठ कमी ते जाणवू नये म्हणून भिजवलेली कोकमाची सोलं पिळून आंबटपणा आणायचा. बटाटा वातूळ, म्हणून चिमूटभर ओवा. आणि तळल्याचा रंग यावा म्हणून तांदळाचा रवा आधी कोरडाच लालसर भाजून घ्यायचा आणि त्यात कटलेट घोळवायचं. हे शेवटचं डोकं वहिनीचंच. स्टोव्हवर ते बाहेरून करपायचं आणि आत कच्चट राहायचं, म्हणून मंद विस्तवाची शेगडी हवी होती. ती शेजारच्या गंगुबाईकडून आणली. तव्याला तेलाचं फडकं पुसायचं, बस्स. वासाचा बभ्रा नको म्हणून माजघराची खिडकी लावून घ्यायची. ज्या दिवशी ते खमंग, कुरकुरीत, आतून लोण्यासारखं कटलेट माझ्या जिभेवर पडलं त्या दिवशी मी वहिनीला मिठी मारली. मी सहसा असलं काही करत नाही.

आता घोळ कुठं झाला बघा.

जाईबाई खारवीण रोज सकाळी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आळीत यायची. कुठल्या घरात कोण काय खातं ते तिला तोंडपाठ.

"मालनवयनी, आजपन मुडदुसेच?"

"होय गो."

"सुरमय बग काय ताजी हाय. डोळे बग तिचे."

"नको. मुडदुसेच दे."

जाईबाईनं पाटी पायरीवर टेकवली, कमरेवर हात ठेवले आणि आवाज खाली आणला. "कोन गो बाळंतीन हाय घरात?"

वहिनीला खरं सांगता येईना. पाहुण्यांसाठी म्हणावं तर पार्टीची अब्रू जाते, नवऱ्यासाठी म्हणावं तर नवऱ्याची. म्हणून ती म्हणाली, "कोन नाय गो. मलाच खाविशी वाटतात." आणि झालं! खांदे हलले, पोट हललं, पदर तोंडात गेला, आणि बाई पायरीवर बसली.

"कळला मला," असं म्हणून जाईबाईनं डोळा मारला आणि वाट्यावर दोन मुडदुसे जास्त घातले. बाळंतिणीच्या वाट्यावर वर घालायची रीतच आहे.

एका मुडदुशावरून आळी एवढं शहाणपण करत नाही. पण गंगुबाईची शेगडी! आळीतली निम्मी पोरं त्या शेगडीवर शेकून निघालेली. ती शेगडी घरी नेणं म्हणजे बारशाचं बोलावणं देण्यासारखंच. त्यात दुकानातून ओवा गेला. त्यात माजघराची खिडकी बंद, म्हणजे बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. मग आळीनं बोटं मोजली. वैशाखात काशीचं लग्न, आणि हा कार्तिक संपतोय. नऊ बोटं भरेनात म्हणजे भानगड आहे, आणि भानगड आहे म्हणूनच मालन लपवतेय. पोरीला गुपचूप आणून माजघरात ठेवलीय.

आणि इथं मला आळीचा राग यावा की लोभ, ते अजून ठरत नाही. कारण कुणी एक शब्द विचारला नाही. सगळ्यांनी ठरवलं की झाकली मूठ झाकलेली राहू दे, आपण फक्त मदत करायची. कुणी शेपूची जुडी आणून दिली, कुणी गाईचं तूप. गंगुबाई हळिवाची पुरचुंडी ठेवून गेली, तीसुद्धा आमच्या दाराकडे न बघता.

"माणसं किती चांगली, वन्सं," वहिनी म्हणाली, "पार्टीसाठी तूप देतात." तूप तिनं कपाटात ठेवलं आणि शेपू दादाला घातला. दादानं तो पाठ करूनच खाल्ला.

पार्टीचा रविवार उजाडला. दादाला मी समजावलं होतं की पंगत नाहीच आहे, नुसतं लोकांना नमस्कार करायचा, खायची सक्ती नाही. तो इस्त्रीचा सदरा घालून पुढल्या अंगणात, खळ्यात, खुर्चीवर बसला, पण पडवीकडे जायची वाट मोकळी राहील अशी खुर्ची त्यानं मुद्दाम वळवून घेतली. मी ते पाहिलं. वहिनीनंही पाहिलं.

दिवेलागणीला लोक यायला लागले. पहिला रावजी, फुलांचा हार घेऊन. मग आळी. आणि आळी निवृत्तीच्या भेटी म्हणून काय घेऊन आली? गंगुबाईनं दादाच्या हातात चौकोनी पुडकं ठेवलं. त्यानं सोडलं तर आत अंगडं-टोपडं. पलीकडच्या आप्पांनी खुळखुळा दिला. एका बाईनं दुपटं, दुसरीनं डिंकाचे लाडू. दादानं टोपडं उलटंपालटं केलं, रावजीकडे पाहिलं. रावजीनं खुळखुळा वाजवून पाहिला.

"निवृत्त झाला म्हणजे दुसरं बाळपण, असं म्हणायचं असंल तेंना," रावजी म्हणाला.

दादा खूप दिवसांनी हसला.

त्याच वेळी वहिनीनं परात आणली. केळीच्या पानावर लालबुंद कटलेटं, वर लिंबाच्या फोडी. मेज कसलं, आमचा जुना बाकच खळ्याच्या मध्ये ठेवला होता. रावजीनं एक उचललं, तोंडात टाकलं, डोळे मिटले.

"तेलकट हाय, पन झक्कास हाय!"

वहिनी धावत माजघरात आली. मी तिच्या मागे. ती भिंतीला टेकून खाली बसली होती आणि पदर तोंडात होता. तव्यावर पुसलेलं तेल सगळं मिळून पळीभर नसेल! बाहेर आप्पा म्हणत होते, 'आमच्या पित्ताला तळलेलं सोसत नाही, पण आज चालेल,' आणि हात मारत होते. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसलो. मग दाराच्या फटीतून बघतो तर काय.

दादा उठला होता. परातीपाशी उभा होता. रावजी एक खाऊन दुसरं उचलत होता आणि त्याच्याशी कचेरीतलं काहीतरी बोलत होता, आणि बोलता बोलता, जसा माणूस चारचौघांत खातो तसा, दादानं एक कटलेट उचललं आणि खाल्लं. मग आणखी एक. त्याची पाठ नव्हती आमच्याकडे. तोंड होतं. वहिनीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

पार्टी इथं संपायला हवी होती. पण तेवढ्यात खेडची यष्टी आली.

काशी आणि सहदेव. काशी शेलाट्या बांध्याची, त्यात पाळीवाल्या नवऱ्याचे डबे करून आणखी वाळलेली. हातात पिशवी घेऊन तीन पायऱ्या एका उडीत चढून ती खळ्यात आली. "आबा!" म्हणून बापाला हाक मारली.

"अगो काशे!" गंगुबाई किंचाळली. "तू भायेर कशी? वारा लागंल ना!"

आप्पांनी सहदेवाचा हात धरला. "जावयबापू, मुलगा का मुलगी?"

"कोणाचं?" सहदेवानं विचारलं.

"तुमचं."

सहदेव गरीब मुलगा. वडीलधाऱ्यांना उत्तर द्यायला हवं म्हणून त्यानं क्षणभर विचार केला. "अजून ठरवलं नाही," तो म्हणाला.

बायकांची बोटं पुन्हा हलायला लागली. काशीला हळूहळू अर्थ लागला, आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिनं पिशवी पोटाशी धरली, तर तेच लोकांना अधिक दिसलं. "आई, हे काय बोलतायत सगळे?" तिचा आवाज रडवेला झाला. सहदेव आता कुणाकडेच बघत नव्हता.

"मग मुडदुसे कोनासाठी?" गंगुबाई वहिनीसमोर उभी राहिली. वाईट बाई नव्हे ती, पण गुपित इतके दिवस सांभाळून तिचाही दम संपला होता. "ओवा कोनासाठी? माझ्या शेगडीवर कोनाला शेकलास? खिडकी कशाला लावलीस? सांग तर खरा!"

आता वहिनीनं काहीबाही खोटं सांगितलं तर ती हसणार, आणि त्या हसण्यानं पोरीचं नाव कायमचं जाणार. खरं सांगितलं तर पूर्णगडचं ताट पुन्हा दादासमोर येणार, ते इथं त्याच्याच खळ्यात, कचेरीसमोर, आळीसमोर. तो पडवीत जाईल, आणि एकदा आजच्या दिवशी गेला की परत कधी येणार नाही. वहिनीनं काशीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात अर्धं खाल्लेलं कटलेट होतं.

"मुडदुसे तुम्ही खाल्लात," वहिनी म्हणाली. "सगळ्यांनी. त्या परातीत तेच हायत. ओवापन त्यातच हाय, शेगडीवर तेच भाजले. ह्यांच्या छातीत शिमग्यात वात नव्हता. हार्टचा अटॅक होता. तळलेला चालत नाय, नारळ चालत नाय, आनि वेगळा ताट ह्यांना सोसत नाय. म्हनून म्हटला, सगळ्यांचाच एक करू. माझ्या पोरीला कोन काय बोलू नका."

हे सगळं ती एका श्वासात बोलली. तिचे खांदे हलले नाहीत.

सगळ्यांनी माना वळवल्या आणि दादाकडे पाहिलं. अगदी तसंच, पूर्णगडला पाहिलं होतं तसं. आप्पांचे ओठ गोल व्हायला लागले. 'बिचारे' येणार होतं, मला दिसत होतं, आणि मी आप्पांच्या वयाचा मान न ठेवता त्यांच्या पायावर पाय दिला.

दादानं हातातलं कटलेट उजेडाकडे धरलं. मोडून पाहिलं. वास घेतला. समुद्रकाठी जन्म गेलेला माणूस, आता त्याला ओळख पटली. त्यानं मान वळवली आणि पडवीकडे पाहिलं. वाट मोकळीच होती.

मग त्यानं ते उरलेलं अर्धं तोंडात टाकलं, सावकाश चावलं, गिळलं, आणि बाकावरचं टोपडं उचलून डोक्यावर घातलं. ते त्याच्या टकलावर जेमतेम टेकलं. नाडी हनुवटीखाली पोचेना, म्हणून त्यानं ती एका कानाला गुंडाळली.

"गंगुबाय, तुज्या शेगडीची शपथ, चूक नाय तुजी," तो म्हणाला. आवाज तोच, कचेरीतला. "ह्या घरात बाळंतीन हाय! ही बग उभी, मालन! शिमग्यात मी मेल्यात जमा होतो. हिनं मला परत जन्माला घातलान. अठ्ठावन वर्सांचा बाळ हाय, टकलू हाय, रडतो फार, आनि सारखा पाठ करून निजतो. अंगडा तेवडा मोठ्या मापाचा आना!"

आमच्याकडे नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. त्यानं घेतलं. खळ्यात जो हशा उठला तो खालच्या बंदरावर गेला असेल. जाईबाई माशाची रिकामी पाटी घेऊन वाटेनं चालली होती ती आत येऊन विचारायला लागली, "काय झाला? मुलगा?" आणि सगळे एकसुरात ओरडले, "मुलगा!" काशी रडत होती ती हसायला लागली. सहदेव तर असा हसत सुटला की त्याला खांब धरावा लागला.

रावजीचं तोंड मात्र चालूच होतं. एकाएकी ते थांबलं. "म्हंजे," तो म्हणाला, "मी आत्तापावत सात-आठ मुडदुसे... आजाऱ्याचा खाना खाल्ला?"

"खाल्लास," दादा म्हणाला.

रावजीनं इकडे तिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "बरा झाला. मला साखर हाय. दोन वर्सं झाली. कचेरीत कोनाला बोललो नाय."

"तुला साखर?" दादा ओरडला. "मग रोज माझ्या वाट्याचा पेढा कोन खात होता?"

"तू घेत नव्हतास, तर लोकांना माझापन संशय येव नये म्हनून मी दोन खायचो!"

त्यावर आप्पा म्हणाले, त्यांना ब्लडप्रेशर आहे. कचेरीतल्या एका साहेबांनी अल्सर काढला. एक बाई म्हणाली, तिच्या नवऱ्याला तर सगळंच आहे. जणू गणपतीत आरत्या म्हणाव्यात तशी एकामागून एक दुखणी बाहेर पडायला लागली, आणि प्रत्येकजण आपलं सांगून झाल्यावर परातीतलं एक उचलत होता. इतकी वर्षं ही माणसं एकमेकांच्या पंगतीला बसत होती आणि घरी जाऊन गुपचूप गोळ्या घेत होती. मला आधी संताप आला, मग हसू आलं, मग नुसतंच बरं वाटलं.

वहिनीनं अंगडं-टोपडं गोळा करून गंगुबाईपुढे धरलं. "हे परत न्या गो. तुमचा उगाच खर्च झाला."

"बाळंतविडा कोन परत नेतो काय?" गंगुबाई वैतागली. एवढा मोठा घोळ घातलेल्या बाईला वैतागायचा हक्क कसा काय उरतो कोण जाणे. तिनं वहिनीला बाकावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि डिंकाचा लाडू तिच्या तोंडात कोंबला. "खा. कंबर भरून येते."

लाडू तोंडात धरून वहिनीचे खांदे हलायला लागले. आम्ही म्हटलं, आता ही हसणार, खाली बसणार. पण ती आधीच बसलेली होती, आणि ते हसू नव्हतं. शिमग्यापासून साठवलेलं सगळं बाहेर आलं. दवाखान्यातसुद्धा रडली नव्हती ती. काशी तिला बिलगली. मीही रडले, सांगायला लाज कसली.

दादा टोपडं घातलेलाच होता. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"अगो, रडू नको," तो म्हणाला. "दूद आटंल."

वहिनीनं त्याला असा धपका मारला की टोपडं उडून परातीत पडलं. मग त्यानं परात उचलली आणि स्वतः सगळ्यांत फिरायला लागला. रावजीला एक, स्वतःला एक, आप्पांना एक, स्वतःला एक. मी वहिनीला कोपरानं ढोसलं, म्हटलं, अगं बघ, किती खातोय.

"खाऊ दे," ती डोळे पुसत म्हणाली. "आज मी घास मोजत नाय."

आणि खरंच तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती.